हिरव्यास

चौदाव्या दिवशी तू यायचास.
पिशवीच्या बुडाशी, सुतळीच्या गाठीजवळ,
मुगाच्या दाण्याएवढा.
रुक्साना म्हणायची, "आला गं पाव्हणा,"
आणि चहाचं आधण ठेवावं तशा सवयीनं
फॉर्मालिनच्या कॅनचं झाकण फिरवायची.

रुकडीच्या या शेडमध्ये आधी कोंबड्या होत्या.
खाद्याचे दर चढले, पिंजरे भंगारात गेले,
भिंतीवर चुन्याखाली एक पीस अजून आहे,
उकरलं तरी निघत नाही.
गगनबावड्याकडून भाताचं पिंजर येतं.
भिजवायचं, उकळायचं, निथळायचं,
थर, त्यावर बी, पुन्हा थर,
मग अंधार करून दार ओढून घ्यायचं.
आत पांढरं जाळं धरतं
दुधावर साय धरावी तसं, कुणी बघत नसताना.

आणि सायीत तू.

गेल्या भाद्रपदात दोनशे चाळीस पिशव्या भरल्या,
एकशे नव्वद तुझ्या झाल्या.
खड्ड्यात टाकताना मी मोजत होते.
रुक्साना मोजत नव्हती,
तिच्या तळहाताची सालं निघत होती
कांद्यासारखी.

तेव्हा बांधापलीकडून चंपाबाई उपाध्ये बोलल्या.
पाणी गाळून पिणाऱ्या, दिवस मावळायच्या आत जेवून उठणाऱ्या,
आमची अळिंबी जन्मात न शिवलेल्या चंपाबाई:
"अगं, किती जणांस्नी मारशील?
विरजण आधी लावावं.
घर मोकळं ठेवलंस
की कोणबी येऊन ऱ्हातंय."

कॉलेजातल्या सुदर्शननं आणलेल्या बाटलीवर
हेच लिहिलेलं होतं, फक्त नाव मोठं.
बॅसिलस.
आत गढूळ पाणी, तांदळाच्या धुवणासारखं.
म्हणाला, हे जिवंत आहेत, उन्हात ठेवू नका.
म्हणाला, यांना गोड लागतं.

गोडाची काय कमी आम्हाला?
पाटलांच्या गुऱ्हाळातून कळशीभर काकवी आणली,
निळ्या पिंपात ढवळली, बाटली ओतली,
तीन दिवस सकाळ-संध्याकाळ काठी फिरवली.
वास कसा? ओल्या खापराचा, थोडा आंबूस,
कुणीतरी आत झोपलंय असा.

पहिल्या खेपेला आमचा हात सैल सुटला.
पिंजर बुळबुळीत झालं, नासलं,
तू नव्हतास, पण अळिंबीही नव्हती.
सुदर्शन म्हणाला, कमी.
चंपाबाई म्हणाल्या, विरजण बोटभर लावतात, वाटीभर न्हवं.

दुसऱ्या खेपेला बोटभर.

चौदावा दिवस आला.
मी मोबाइलची बॅटरी लावून एकेक बूड पाहिलं.
पांढरं. पांढरं. पांढरं.
कोपऱ्यातल्या शेवटच्या पिशवीत तू होतास,
पण थांबलेला.
तुझ्यापुढं करंगळीएवढी मोकळी पट्टी,
त्यात काहीच उगवलं नव्हतं,
ना तुझं, ना आमचं,
जणू दोन भावांनी मोजणी करून सोडलेला बांध.
त्या पट्टीत कोण बसलंय ते डोळ्यांना दिसत नाही.
मी बराच वेळ पाहत राहिले.

ती पिशवी पुरली नाही मी.
रुक्साना म्हणाली, "डोस्कं फिरलंय तुझं."
असेल.
बाविसाव्या दिवशी तिच्या दुसऱ्या अंगाला
करड्या कानांचा झुबका फुटला,
तुझ्याकडं पाठ करून.

चंपाबाईंनी विचारलं, "मग, ह्या बारीला किती मारलेस?"
मला उत्तर आलं नाही.
मारलं असेल त्यांनी, आत, काकवी पिऊन.
मी फक्त काठी फिरवली.

कॅन आता मोरीत पडलंय, झाकण गंजलेलं.
परवा रुक्सानाच्या भाचीचं लग्न झालं, इचलकरंजीला.
दोन वर्षं तिच्या हातावर मेंदी धरत नव्हती,
सालीबरोबर निघून जायची.
आदल्या रात्री ती शेडमध्येच बसून होती,
दोन्ही तळवे वर करून, दिव्याखाली,
हिरवेगार.
मी पिशव्या बघून आले, म्हटलं, "वाळली का?"
म्हणाली, "हात लावू नकोस.
धरू दे."